प्लॅस्टिकमध्ये बांधलेले प्रमाणपत्र

मी एक जुने प्रमाणपत्र आहे. तसे माझे वय सहाच वर्षांचे, पण आता मला कोणी कामाला लावणार नाही, म्हणून जुने म्हणायचे. मित्रांनो, मी साधासुधा कागद नव्हते बरे का! जाड अंग, सोनेरी किनार, खाली कुलगुरूंची सही आणि मधोमध ठळक अक्षरांत नाव : दीपमाला धर्मपाल तायडे, बी.एस्सी. नर्सिंग.

अमरावतीच्या कॉलेजातून दीपमालाने मला तेल्हाऱ्याला घरी आणले. तिचे वडील धर्मपाल जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहतात. त्यांनी दोनदा हात धुतले, पुसले आणि मगच मला घेतले.

"आपल्या घरातली पयली डिग्री हाय हे," ते म्हणाले.

एरवी हा माणूस दिवसाला चार शब्द बोलतो. मी तर फुलूनच गेले.

पण धर्मपालांच्या मनात एक सल होती. त्यांचा स्वतःचा दहावीचा दाखला पेटीत ठेवला होता, तो वाळवीने, त्यांच्या भाषेत उधईने, खाल्ला आणि त्यापायी शिपायाची नोकरी हुकली. शिवाय जिनिंगमध्ये त्यांनी जन्मभर एकच पाहिले होते : मोकळा कापूस ओलीने खराब होतो, आवळून बांधलेल्या गाठीला काही होत नाही. दुसऱ्याच दिवशी मला छातीशी धरून ते अकोल्याला निघाले. तिथे जुन्या शहरातल्या झेरॉक्सच्या दुकानात त्यांनी मला लॅमिनेट करून घेतले. दोन गरम रुळांमधून मी बाहेर पडले, ते प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद होऊनच.

"आता उधईचा बाप आला तरी काई करू शकत नाई," धर्मपाल दुकानदाराला म्हणाले.

भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली मला जागा मिळाली. दीपमालाची आई भागीरथाबाई रोज पदराने माझी धूळ पुसायच्या. पाहुणा आला की चहाच्या आधी मला पाहायचा. खोटे कशाला बोलू, मला गर्व झाला होता.

दीपमाला तेल्हाऱ्याच्याच एका दवाखान्यात नोकरीला लागली. यंदा फेब्रुवारीत कतारमधल्या एका मोठ्या रुग्णालयाने तिची निवड केली. घरात पेढे आले. तिथे काम करायला परवाना लागतो, राहायला दुसरा परवाना लागतो, आणि दोन्हींसाठी मूळ पदवीच्या पाठीवर सरकारी शिक्के लागतात. मुदत तीस दिवसांची होती. मित्रांनो, मला वाटले, आता खरे माझे काम सुरू झाले!

दीपमाला मला अमरावतीला खुशालरावांकडे घेऊन गेली. परदेशी जाणाऱ्यांची कागदपत्रे तयार करून देणे हा त्यांचा धंदा. त्यांनी मला उलटे केले, पाठीवर नख घासले आणि मान हलवली.

"ताई, हे कोनं केलं? शिक्का प्लॅस्टिकवर बसत नाई. अशी डिग्री वरच्या हापिसात घेतच नाईत."

"मंग दुसरी प्रत काढू ना!"

"काढा. पन विद्यापीठातून यायले दोन महिने लागतात."

दीपमालाने त्याच दिवशी दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज केला आणि रुग्णालयाला मुदत वाढवून मागितली. घरी मात्र "थोडा उशीर होईन," एवढेच बोलली. पण आईपुढे तिला लपवता आले नाही. धर्मपालांनी सगळे ऐकले आणि ते ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर त्यांनी मला खाटेवर ठेवले, वर फडके टाकले आणि इस्त्री फिरवली. मग कोपऱ्यापासून प्लॅस्टिक सोलायला लागले. पहिला कोपरा अगदी स्वच्छ सुटला.

"निघून राह्यलं! भागीरथा, पाह्य, निघून राह्यलं!"

एवढ्या आनंदाने ओरडताना मी त्यांना कधीच ऐकले नव्हते. मलाही वाटले, सुटले! पण मधोमध आल्यावर प्लॅस्टिकबरोबर माझे कातडेही निघाले. दीपमालाचे नाव त्या चकचकीत पापुद्र्याला चिकटून गेले आणि माझ्यावर पांढरा ओरखडा राहिला. धर्मपाल तो पापुद्रा पुन्हा जागेवर दाबत बसले, दुपारभर.

"बाबा, काहून केलं तुमी असं?" घरी आल्यावर दीपमालाने विचारले.

"तुले जाता यावं म्हनून."

ती ओरडली असती तर बरे झाले असते. ती नुसती रडली. मला जन्मात एवढी लाज कधी वाटली नव्हती.

मुदत वाढली नाही. ती जागा दुसऱ्या परिचारिकेला मिळाली. दीपमालाने दुसरीकडे अर्ज केलेत, अजून उत्तर नाही. मे महिन्यात दुसरी प्रत आली, पण धर्मपाल तिला हात लावायला तयार होईनात. शेवटी दीपमालाच म्हणाली, "बाबा, हात धुवा, अन् तुमच्यापाशीच ठेवा."

मित्रांनो, आम्हा कागदांना जरूर जपा. पण ज्याचा कागद आहे त्याला, आणि जिथे तो दाखवायचा आहे तिथे, आधी एकदा विचारा. माया कमी पडली म्हणून माझे वाटोळे झाले नाही. विचारायचे राहिले, म्हणून झाले.

आता नवी प्रत साध्या लिफाफ्यात, पत्र्याच्या पेटीत असते आणि मी तिच्या खाली. कामावरून आले की धर्मपाल दोनदा हात धुतात, पेटी उघडतात आणि लिफाफ्यातून तिला अर्धीच बाहेर काढतात. नाव जागेवर आहे ना, तेवढे पाहतात आणि परत ठेवून देतात.