चोवीस दिवसांची बिअर

"कुणीतरी हाताला क्रीम लावलंय," नाकोबा दारातूनच म्हणाले.

कारखान्याच्या मालकीणबाईंनी हात टेबलाखाली घेतले. "सकाळी लावलं होतं हो काका. आता कुठलं राहतंय."

"राहिलंय. गुलाब आहे. साध्या पाण्यानं धुऊन या, साबण नको. नाहीतर तिन्ही ग्लासांत गुलाबालाच मार्क पडतील."

पाहुणे परीक्षक म्हणून आलेले मास्तर मिशीत हसले. ते रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. आसपासच्या छोट्या बिअर कारखान्यांत चाखणीला त्यांनाच बोलावणं जायचं, आणि या नाकाची ख्याती त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. एकोणतीस वर्षं या कारखान्याचं थंड तळघर सांभाळणाऱ्या माणसाला खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. "आमचे हे नाकानं कांदे सोलतात," त्यांची बायको म्हणायची, "आणि वर सांगतात, कांदा परवाचा आहे."

आजची चाखणी मात्र साधी नव्हती. इथे बनायची ती जर्मन पद्धतीची फिकट लागर बिअर. पाणी, मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू, हॉप्सची कडवट फुलं आणि यीस्ट, पाचवी वस्तू आत जायची नाही. नाकोबांच्या मते पाचवी एक होती, ती म्हणजे कळ सोसणं. तळघरातल्या जुन्या आडव्या टाकीत ते बिअर सात आठवडे गारठ्यात निजवून ठेवायचे. एक दिवस कमी नाही.

आणि कारखान्याची मुख्य ब्रूअर होती त्यांची सून. आधी प्रयोगशाळेत नोकरीला आलेली, मग घरात आलेली. आंबणं संपत आलं की यीस्टला थोडी ऊब द्यायची आणि मग रोज एकेक अंश गार करत न्यायचं, चोवीस दिवसांत काम होतं, असं तिचं म्हणणं. वर्षभर हे भांडण जेवणाच्या टेबलावर चाललं होतं.

"पोटातलं पोर सातव्या महिन्यात बाहेर काढशील का गं?"

"पोराला नऊ महिने लागतात हे कुणीतरी मोजून बघितलं, बाबा. तुम्ही कधी मोजलंत?"

मधे बसलेला मुलगा ताटातून मान वर काढायचा नाही.

शेवटी मालकीणबाईंनी तोड काढली. ग्लासांवर नुसते आकडे घालायचे, कुठली कुणाची ते झाकून ठेवायचं. जिला मार्क जास्त, ती पद्धत राहणार. चोवीस दिवस जिंकले तर आडवी टाकी सोमवारी भंगारात, आणि नाकोबांचं सात आठवड्यांचं काम तिच्याबरोबर संपलं. तिघा परीक्षकांत नाकोबा कसे बसणार, ते तर वादी, असं कुणीतरी म्हणालं. त्यावर सूनच म्हणाली, "बाबा बसणार असतील तरच मी तयार आहे."

तिनं मागच्या खोलीत ग्लास भरले आणि ती तिथेच दार लावून बसली. मालकीणबाई ओल्या हातांनी ट्रे घेऊन आल्या.

पहिला ग्लास. रंग वाळल्या गवताचा, फेस चिवट. वास भला. घोट घेतला, गिळला, आणि अगदी शेवटी जिभेच्या मागे एक धागा लागला. ओल्या पुठ्ठ्याचा. म्हणजे कुठेतरी हवा शिरली. घाईनं हेच होतं, नाकोबा मनात म्हणाले, आणि सुनेची कीवही आली त्यांना. पन्नासपैकी अडतीस.

दुसऱ्याला उकडलेल्या कोबीचा दर्प होता. ती बाहेरून विकत आणलेली, नुसती चकवायला. एकतीस.

तिसऱ्या ग्लासात त्यांनी नाक घातलं आणि बाहेर काढायला विसरले.

धान्य होतं. भर दुपारी कोठाराचं दार उघडल्यावर येतं तसं कोरडं, गोडसर धान्य. त्याच्या पलीकडे, लांब कुठेतरी, फुलं. घोट घेतला तर एखाद्या खोलीतलं सगळं सामान काढून ती झाडूनपुसून घ्यावी आणि जमिनीवर उन्हाचा चौकोन तेवढा उरावा, तसं तोंडात झालं. कडवटपणा आला, आपलं म्हणणं मांडलं आणि दार न आपटता निघून गेला. दुसरा घोट घ्यायचं धाडस होईना. अंगावर काटा आला होता, आणि तो मास्तरांना दिसू नये म्हणून त्यांनी बाही खाली ओढली.

जमलं, त्यांना वाटलं. एकोणतीस वर्षांनी का होईना, मनासारखी जमली. त्यांनी सत्तेचाळीस लिहिले. त्रेचाळीसच्या वर ते आजवर कधी गेले नव्हते, स्वतःच्या बिअरलासुद्धा.

आता राहिला होता शेवटचा घोट. तो ग्लासातच ठेवायचा, तळव्यांत धरून कोमट करायचा आणि पुन्हा हुंगायचा, हा त्यांनीच घालून दिलेला नियम. "गार बिअर खोटं बोलू शकते," ते म्हणायचे, "कोमट नाही."

त्यांनी पहिला ग्लास तळव्यांत धरला. थोड्या वेळानं त्यातून पावाच्या खरपूस कडेचा वास वर आला.

नाकोबांचे हात थांबले. हा वास दुसऱ्या कुणाच्या बिअरला असूच शकत नव्हता. पहाटे धान्याच्या लापशीचा तिसरा हिस्सा वेगळ्या भांड्यात काढायचा, उकळायचा, पुन्हा मोठ्या भांड्यात ओतायचा. एवढा खटाटोप इथे एकटे तेच करत. सुनेनं तो केव्हाच सोडला होता. आणि पुठ्ठा? टाकीच्या झाकणाचं रबर बदलू या, असं ती दोनदा म्हणाली होती. "अजून वर्षभर जातंय ते," हे त्यांचंच उत्तर.

तिसरा ग्लास त्यांनी तळव्यांत धरला तो, खरं सांगायचं तर, खोट शोधायला. कोमट होऊन तो उघडत गेला. गार असताना मागे राहिलेलं काहीतरी मधासारखं पुढे आलं, आणि तरी गोड नाही. ते हुंगत राहिले. चोवीस दिवस. आपल्या घरात, आपल्यासमोर बसून जेवणाऱ्या पोरीनं हे चोवीस दिवसांत केलं.

"माझे पहिला आणि तिसरा सारखेच," मास्तर म्हणाले. "चाळीस, चाळीस."

"माझा पहिला दोन मार्कांनी वर," मालकीणबाई म्हणाल्या. "म्हणजे सगळं तुमच्यावर आलं, काका. काही बदलायचं असेल तर आत्ताच. नंतर चिठ्ठी उघडते."

टेबलावर खोडरबर होतं. नाकोबांनी ते घेतलं. तिसऱ्या कागदावरचा आकडा नीट खोडला, वरची पूड फुंकली आणि अठ्ठेचाळीस लिहिले.

"कोमट झाल्यावर एक वाढला," ते म्हणाले.

चिठ्ठी उघडली. पहिला ग्लास नाकोबांचा, तिसरा सुनेचा. सून बाहेर आली, तिनं तिन्ही कागद वाचले, मग पहिला ग्लास उचलून हुंगला. तिचंही नाक काही कमी नव्हतं.

"बाबा, तुम्हाला कळलं होतं."

"कोमट झाल्यावर."

"मग?"

"मग काय? आता चव खोडू का?" त्यांनी तिसरा ग्लास पुन्हा उचलला. "शेवटी ऊब देतेस ती कितव्या दिवशी?"

"आठव्या."

"मला सातवा वाटला होता," नाकोबा म्हणाले, आणि ग्लासाच्या तळाशी राहिलं होतं तेवढं त्यांनी डोळे मिटून पिऊन टाकलं.

रविवारी कारखाना बंद असतो. नाकोबा घरी दिसेनात म्हणून सून तळघरात उतरली. आडवी टाकी रिकामी झाली होती. झाकणाच्या भोकातून नुसते दोन गमबूट बाहेर आले होते, आणि आतून ब्रशचा आवाज घुमत होता.

"बाबा, भंगारात जायचीय ती उद्या."

ब्रश थांबला. "म्हणून काय पारोशी पाठवायची?"

तिनं बाह्या वर केल्या आणि गरम पाण्याचा पाइप आत दिला. दोघांनी मिळून टाकी धुतली, दोनदा खळबळली, कोरड्या फडक्यानं कानाकोपरा पुसून काढला. मग नाकोबा बाहेर आले, झाकण लावलं, आणि पाना घेऊन बाराच्या बारा बोल्ट एकेक करून आवळले.