टेकडीपर्यंतची वाट

"ओर्लिन, हे गवत तुम्ही कापलंत?" व्हर्लाने कुंपणाशी गाडी थांबवून विचारले.

"नाही, हरणं कातर घेऊन आली होती," ओर्लिन म्हणाला. पण त्याला स्वतःलाच हसू आले नाही.

छातीभर गवतातून ट्रॅक्टरच्या रुंदीचा एक पट्टा सरळ टेकडीवर गेला होता. टेकडीवर त्याच्या बायकोची, डेलोरिसची, कबर होती. तिथूनच तिला सगळे शेत दिसायचे, म्हणून तिने गावच्या दफनभूमीत जायला साफ नकार दिला होता. गेल्या हिवाळ्यात ती गेली.

व्हर्ला काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेती कचेरीत कारकून होती. सरकार आमच्याकडे जमीन पडीक ठेवून त्यात गवत वाढू द्यायचे पैसे देते. बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येते, पण ओर्लिनसारखे किती तरी म्हातारे त्याच पैशांवर तग धरून आहेत. अट एकच: उन्हाळ्यात पाखरे गवतात अंडी घालतात, तेव्हा ऑगस्ट लागेपर्यंत पाते लावायचे नाही. करार मोडला तर आजवर घेतलेले सगळे परत करायचे. ओर्लिनला त्यासाठी शेत विकावे लागले असते, आणि शेताबरोबर टेकडीही गेली असती.

"ऑगस्टपर्यंत थांबायचं होतंत."

"मेच्या शेवटच्या सोमवारी आपल्या माणसांच्या कबरीवर फुलं न्यायची असतात, पोरी. आपल्याकडे सगळेच नेतात. हे गुडघे गवतातून चालत नाहीत. ऑगस्टचं डेलोरिसला तूच समजाव."

व्हर्ला साठीला टेकली होती, पण ओर्लिन तिला पोरीच म्हणायचा. तिने गाडी पुन्हा सुरू केली. मग म्हणाली, "मी इकडे आलेच नाही असं समजा."

"आलीस ना? मग आलीस म्हणून सांग. माझ्यापायी खोटं बोललीस, तर ती मला शेजारी जागा द्यायची नाही."

व्हर्लाने कचेरीत खरे तेच कळवले. निकाल द्यायला शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली कमिटी असते, म्हणजे शेजारीपाजारीच. त्यातल्या गेलनने डेलोरिसच्या शवपेटीला खांदा दिला होता. नियम सगळ्यांना सारखा, असे तोच आधी बोलला आणि मग कोणाकडेच पाहीना. शेवटी ठरले की या खेपेला करार राहील, गवत पुन्हा वाढू द्यायचे, दुसऱ्यांदा माफी नाही. हे सांगायला व्हर्ला स्वतः गेली.

"शेत राहिलं ना, मग झालं," ओर्लिन म्हणाला. मग टेकडीकडे पाहत म्हणाला, "पुढच्या मेमध्ये ती वाट बघेल."

पुढच्या मेपर्यंत वाट बुजून गेली होती. त्या सोमवारी कचेरीला सुट्टी होती, तरी व्हर्ला आपण होऊन त्याच्याकडे गेली. ओर्लिन कुंपणाशीच उभा होता, चर्चला जाताना घालायचा कोट घालून. हातात कॉफीचा रिकामा डबा, त्यात अंगणातली लायलॅकची फुले. ती येणार हे त्याला कोणी सांगितले नव्हते. फुले घेऊन तो नुसता तिथवर आला होता.

"द्या इकडे," ती म्हणाली.

त्याने डबा दिला. "तिला म्हणावं..." एवढे बोलून तो थांबला. "काही नको. नुसता ठेव."

व्हर्ला जपून पाय टाकत गवतात शिरली. तिच्यामागे गवत मिटत गेले. टेकडीवर एकच दगड होता. त्यावर डेलोरिसच्या नावाशेजारी ओर्लिनचेही नाव आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आधीच कोरलेले होते. जन्माचे साल होते, पुढची जागा कोरी होती. तिने डबा मधोमध ठेवला, वाऱ्याने कलंडू नये म्हणून त्याला बाजूने माती लावली.

कुंपणापासून तो दगड गवतामुळे दिसत नाही. म्हणून व्हर्लाने उभे राहून हात उंच केला. तेव्हा खाली ओर्लिनने डोक्यावरची टोपी काढली.