एक डब्यात राहू दे

टप्प! दचकलात ना? घाबरू नका मित्रांनो, तो माझ्या झाकणाचा आवाज. मी बिस्किटांचा डबा. पत्र्याचा, गोल, आणि आता बराच जुना. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर जी फळी आहे ना, तिच्यावर चहाच्या आणि साखरेच्या बरण्यांशेजारी माझी जागा आहे. त्या दोघी पारदर्शक प्लास्टिकच्या. दिसायला छान, पण पोटात काय आहे ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत बसतात. माझं तसं नाही. माझ्या पोटातलं कळायचं तर मला उघडावं लागतं, आणि मला उघडलं की ते घरभर कळतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याचा मोठा ताव होता. तो कापला, वाकवला, त्याच्या कडा दुमडल्या आणि झालो मी. अंगावर बागेचं चित्र छापलं. त्यातलं कारंजं अजून थोडं दिसतं, बाकीची बाग केव्हाच झिजून गेली. पोटात चॉकलेटं भरून मी या घरात आलो. चॉकलेटं बघता बघता फस्त झाली. माझ्या जातीच्या डब्यांच्या नशिबी पुढे काय येतं ते तुम्हांला ठाऊकच आहे. सुईदोरा, सुटी बटणं आणि एक बोथट कात्री! मीही मनाची तयारी करून बसलो होतो. पण या घरातल्या आईने मला घासलं, उन्हात वाळवलं, तळाला कागद घातला आणि सांगून टाकलं, की हा डबा बिस्किटांना. मित्रांनो, त्या दिवशी मला जो आनंद झाला तो मी अजून विसरलेलो नाही.

घर लहान होतं. पुढे बाबांचा सुतारकामाचा कारखाना, मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. घरात माणसं चार. आई, बाबा, ताई आणि दादा. दुपार कलली की आई सगळ्यांना विचारायची, आज चहाबरोबर काय करू? झालं! ताईला मनुका घातलेला केक हवा असायचा. दादाला लोण्याची बिस्किटं. बाबा म्हणायचे, काहीही चालेल. आणि काहीही केलं तरी त्यांना त्यात खोट दिसायची. ही चर्चा इतकी लांबायची, की तेवढ्यात ओव्हनमधून एक ट्रे भाजून निघाला असता. शेवटी आई अंडी आहेत का ते बघायची. बहुतेक वेळा नसायचीच. मग केक बारगळायचा आणि दादाच्या मनासारखं व्हायचं. ताईचा पक्का संशय होता, की अंडी दादाच संपवतो.

एकदा तर या पठ्ठ्याने स्टुलावर चढून मला गुपचूप काढायला पाहिलं. मी त्याच्या हातून सटकलो आणि धाडकन फरशीवर आपटलो. माझ्या पोटाला, काठालगत, हा पोचा पडला तो तेव्हाच. बाबांनी लाकडी हातोडीने ठोकून मला सरळ करून पाहिलं, पण पोचा पुरता काही गेला नाही. तेव्हापासून माझं झाकण अडकतं. नुसतं ओढून उपयोग नाही. पोच्यावर अंगठा दाबायचा, की टप्पकन उघडतं. पाहुण्यांना हे जमत नाही. ते बिचारे माझ्याशी झटापट करतात आणि मग म्हणतात, राहू द्या, भूक नाही. घरच्या माणसांना मात्र बघावंही लागत नाही.

दादा कायमचा उशिरा. शाळा सुटायची सगळ्यांची एकदम, पण हा रमतगमत यायचा. तोवर बिस्किटांचा फडशा पडलेला असायचा. म्हणून आईने एक नियम केला. शेवटच्या बिस्किटाला कोणाचा हात लागला, की ती म्हणायची, "एक डब्यात राहू दे. कोणीतरी अजून घरी यायचंय." सगळे घरात असले की मग खुशाल डबा रिकामा करा, तिची हरकत नसे. पण एक जरी माणूस बाहेर असलं, तरी माझ्या तळाशी एक बिस्किट राहायचंच. बाबा कामासाठी कुठे गेले असतील तर ते बाबांचं. ताई मैत्रिणीकडे असेल तर ते ताईचं. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ते दादाचंच असायचं.

मुलं मोठी झाली. ताई लग्न होऊन याच शहरात दुसऱ्या टोकाला गेली. दादा बाबांच्या हाताखाली काम शिकला. हात चांगला होता त्याचा, पण मन नव्हतं. त्याला यंत्रांचा नाद. बाबांना मात्र ते दिसत नव्हतं, का बघायचं नव्हतं कोण जाणे. त्यांनी कारखान्याची पाटी नवी करायला टाकली होती आणि तिच्यावर आपल्या नावापुढे 'आणि मुलगा' असं रंगवायला सांगितलं होतं. नेमकी ती पाटी घरी आली त्याच दिवशी चहाच्या वेळी दादाने सांगितलं, की त्याला लांबच्या गावी रेल्वेत नोकरी लागली आहे.

मी टेबलावरच होतो. शब्दाने शब्द वाढत गेला. आईने मध्ये पडून पाहिलं, पण तिचं कोण ऐकतंय? शेवटी बाबा उठून उभे राहिले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"जायचं तर जा," ते म्हणाले. "पण परत यायचं नाही. या घरात तुझ्यासाठी काही उरलेलं नाही."

दादाच्या हातात अर्धं खाल्लेलं बिस्किट होतं. ते त्याने बशीत ठेवलं, पिशवी भरली आणि तो गेला. पाटी बाबांनी लाकडांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली.

त्यानंतर घरात दादाचं नाव निघेनासं झालं. आई बाबांना काही बोलली नाही. पण दर खेपेला बिस्किटं केली, की एक बिस्किट माझ्या तळाशी राहू लागलं. नवी बिस्किटं होईपर्यंत ते तसंच असायचं. मग आई ते जुनं बिस्किट काढायची, स्वतःच्या चहात बुडवून खायची आणि त्याच्या जागी ताजं ठेवायची. जुनं काढायचं ते नवं हातात असेल तरच, हा तिचा कटाक्ष. बाबांना हे कळत नव्हतं असं समजू नका. एकदा भर दुपारी त्यांनी मला उघडलं. आत ते एकच होतं. बाबांनी ते उचललं, तोंडापर्यंत नेलं, आणि परत ठेवून दिलं. पण म्हणतात ना, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्यांनी दादाला बोलावणं काही धाडलं नाही. दादाकडूनही काही निरोप आला नाही. बाप तसा बेटा!

अशी वर्षं गेली. मग आई आजारी पडली आणि त्या आजारातच गेली.

दादा आला होता. पण तो दारात उभा राहिला, बाहेरच्या माणसासारखा. ताईने पाणी दिलं, ते त्याने हातात धरून ठेवलं. बाबा आणि तो एकमेकांकडे न बघता माणसांच्या गर्दीत वावरले आणि दुसऱ्या दिवशी तो निघून गेला. मित्रांनो, तेव्हा मी फळीवर होतो. माझ्या पोटात आईच्या हातचं शेवटचं बिस्किट होतं. त्याचंच होतं ते. इतक्या माणसांत एकालाही मला उघडावंसं वाटलं नाही, आणि मला तर हाक मारता येत नाही. पत्र्याचा जन्म किती लाचार असतो, ते मला त्या दिवशी कळलं.

पुढे घर अगदी शांत झालं. दुपार कलली तरी काय करू म्हणून विचारायला कोणी नव्हतं. बाबा कोरा चहा प्यायचे, उभ्यानेच. ताई दर आठवड्याला यायची, दुकानातली बिस्किटं आणायची. ती पुड्यातच मऊ पडायची. माझ्यावर धूळ बसली.

एक दिवस साखर काढताना बाबांचा हात मला लागला आणि आत काहीतरी खडखडलं. त्यांनी मला खाली घेतलं, अंगठा दाबला आणि आत पाहिलं. बिस्किट कडक झालं होतं, त्याला जुनाट वास लागला होता. ते टाकून द्यायला त्यांचा हात धजेना. आणि जुनं काढायचं तर नवं हातात हवं, हे त्यांना ठाऊक होतं. नवं कोण करणार?

तेव्हा या माणसाने, ज्याने जन्मात कधी मैदा चाळला नव्हता, लोणी आणि साखर काढली. पहिला ट्रे पार जळून कोळसा झाला. दुसरा ताईने चाखून पाहिला आणि ती म्हणाली, की बाबा, यापेक्षा तुमचं सागवान मऊ. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी हारही मानली नाही. पीठ लाटून ते सुताराच्या पट्टीने मापून कापायचे, सगळे तुकडे एकसारखे, कोपऱ्याला कोपरा जुळलेले. हळूहळू ते खाण्याजोगे होऊ लागले. जो ट्रे बरा जमला, त्यातलं सगळ्यांत चांगलं बिस्किट बाबांनी माझ्या तळाशी ठेवलं. आईचं बिस्किट त्यांनी चहात बुडवलं आणि सावकाश खाल्लं. खाताना ते रडले. मी पाहिलं म्हणून सांगतो. दुसरं कोणी नव्हतं तिथे.

त्यानंतर पुढच्या एका भेटीत ताईने मला उघडलं आणि ते एकटं बिस्किट उचललं.

"ते नको," बाबा म्हणाले. कोणाचं ते त्यांनी सांगितलं नाही. ताईनेही विचारलं नाही. तिने ते जागच्या जागी ठेवलं, झाकण लावलं आणि बाहेर जाऊन भावाला फोन केला. ती इतकंच म्हणाली, "बाबा डब्यात एक ठेवतात रे. अजून."

दादा आला तो चहाच्या वेळेला. कानांजवळचे केस पिकले होते. बाबांनी दार उघडलं. दादाने दार हलवून पाहिलं आणि बिजागरी कुरकुरतेय म्हणाला. बाबा म्हणाले, तेल द्यायला हवं. रेल्वेचं कसं चाललंय, गुडघा कसा आहे, असलं काहीबाही बोलत दोघे स्वयंपाकघरापर्यंत पोचले. इतक्या वर्षांची गोष्ट दोघांच्याही ओठांवर येत होती आणि मागे फिरत होती. मला वाटलं, आता चहा होईल, पिऊन होईल आणि हा पोरगा पुन्हा तसाच जाईल.

बाबांनी पातेलं गॅसवर ठेवलं. पाठ आमच्याकडेच होती.

"डबा बघ," ते म्हणाले. "तुझ्यासाठी काही उरलंय का."

दादाने मला खाली घेतलं. न बघता त्याचा अंगठा बरोबर पोच्यावर पडला. टप्प! तळाशी एक बिस्किट होतं, चारही कोपरे पट्टीने मापलेले. दादा ते हातात धरून उभा राहिला. मग खुर्चीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. बाबांनी गॅस बारीक केला आणि येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आहे रे," ते म्हणाले. "कधीच संपलं नव्हतं."

त्याने ते पूर्ण खाल्लं. मीठ जास्त झालंय म्हणाला. बाबा म्हणाले, की पुढच्या खेपेला कमी घालू, आणि तू काय खाणार ते आत्ताच सांगून ठेव. दादा म्हणाला, काहीही चालेल.

ताईही तोवर येऊन पोचली होती. बाबांनी मला पालथं करून चुरा झटकला, धुतलं आणि उघडं वाळत ठेवलं. दादा गेला होता त्या दिवसापासून मी कधी पुरता रिकामा झालो नव्हतो. त्या दिवशी झालो. बाहेर कोणीच नव्हतं ना आता! रिकाम्या पोटी इतकं समाधान मला पुन्हा कधी मिळालं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या डब्यांना ओलं ठेवू नका, गंज चढतो. झाकण रागाने आपटू नका, पोचा पडला की तो पुरता जात नाही. आणि तुमच्या घरातलं कोणी रुसून, रागावून बाहेर गेलं असेल, तर सगळं संपवून टाकू नका. एक डब्यात राहू द्या. शिळं झालं तर बदला, पण राहू द्या.