दहाची सुट्टी

बाइंडिंगच्या कारखान्यात मी सिगारेट ओढायला लागले ती पाठीसाठी. आत कागदाचे ढीग, म्हणून काडी ओढायला बंदी. ओढणाऱ्यांना सकाळी दहाला आणि दुपारी चारला दहा-दहा मिनिटं मागच्या अंगणात सोडत. न ओढणाऱ्यांनी मान खाली घालून पुस्तकं शिवत राहायचं. महिन्याभरात मीही अंगणात उभी राहून खोकायला शिकले. पुस्तकं चिकटवायच्या खळीचा आंबूस वास अजून नाकात आहे.

बावीस वर्षांनी गरोदर लेकीने सांगितलं, तुझ्या कपड्यांना धुराचा वास येतो, बाळ तुझ्याकडे देणार नाही. मला राग आला. रागाच्या भरात मी जेवढी कामं तडीस नेली, तेवढी समजुतीने कधीच नेली नाहीत.

तयारीला लागले. सोमवार ठरवला. त्याआधी चहाबरोबरची सोडली, मग जेवणानंतरची. ह्यांना बजावलं, मी गोड बोलून मागितली तरी द्यायची नाही. ते म्हणाले, तू गोड बोललीस की मी सावध होईनच.

राहिल्या दहाची आणि चारची. मुकादमाला विचारलं, सिगारेट सुटली तरी सुट्टी राहील ना? तो हसला. नियम ओढणाऱ्यांसाठी आहे म्हणाला. दिवसभर वाकून बसले, तर बुधवारपर्यंत पाकीट पुन्हा पिशवीत येणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

सोमवारी दहाला सुई खाली ठेवली आणि रिकाम्या हातांनी बाहेर गेले. ओढणाऱ्यांकडे पाठ करून भिंतीशी उभी राहिले. मुकादम मागोमाग आला.

"सिगारेट कुठंय, बाई?"

"सोडली."

"मग आत चला."

"नाही येणार. बावीस वर्षं धूर घ्यायला सोडलंत, आता हवा घ्यायला सोडा."

उद्या सगळ्याच असं म्हणाल्या तर काय, असं त्याने विचारलं. म्हणू देत, मी म्हटलं. तेवढ्यात माझ्या शेजारी बसणारी, वयाने थोरली बाई दारात आली. तिने जन्मात सिगारेटला हात लावला नव्हता. कंबर धरत ती बाहेर आली, तिच्यामागे आणखी दोघी.

"इथं ऊन येतं होय," थोरली म्हणाली. एकोणीस वर्षं ती त्या भिंतीच्या आत बसत होती.

मुकादम घड्याळाकडे बघत राहिला. तल्लफ काही कमी झाली नव्हती, पण आम्ही पुरती दहा मिनिटं उभ्या राहिलो. आत जाता जाता मी त्याला सांगून ठेवलं, चारलाही येणार आहोत.