सरांचा उघडा गोल

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, आणि समोर कोणीही नसताना माझ्यावर लिहिलं गेलं आहे. घाबरू नका. आधी मीही घाबरलो होतो.

सुताराने फळ्या जोडून, काळा रंग देऊन मला घडवलं. गणिताच्या एका सरांनी मला घराच्या पुढच्या खोलीत टांगलं. इतर शिकवण्यांनी हात टेकलेली मुलंच सर घेत. गणिताचं नाव काढलं की घाम फुटायचा, आणि डोक्यावर कॉलेजची प्रवेश परीक्षा! सरांचा नियम एकच होता: चुकलेलं लगेच पुसायचं नाही. चुकलेल्या पायरीभोवती ते गोल काढत आणि चूक मुलालाच सांगायला लावत. त्यांचं मनगट एकदा मोडलं होतं, त्यामुळे गोल पुरता जुळत नसे. खाली बोटभर फट राहायची. पास झालेली मुलं सरांचे आभार मानत. मला कोण विचारतो? चालायचंच.

शेवटची मुलगी म्हणजे वजाबाई. नाव सरांनीच ठेवलेलं. कंसाबाहेरचं वजा ती आतल्या पहिल्या पदाला लावायची आणि दुसऱ्याला साफ विसरायची. तिला नर्सिंगला जायचं होतं, पण दोनदा नापास झाली होती. "ही शेवटची खेप. नाहीतर दुकानात बसायचं," असं वडिलांनी बजावलं होतं. आणि परीक्षा तोंडावर आली असताना सर गेले.

त्यांच्या पत्नीने, काकूंनी, मला ओल्या फडक्याने पुसलं आणि खोली बंद केली. माझ्यावर धूळ साचली. मग एका दुपारी वजाबाई दारात उभी राहिली.

"काकू, इथे बसून सोडवू का? घरी जमतच नाही."

"बस की गं. पण फळ्यावर लिहिलंस तर तूच पूस. मला नाही बघवत."

तिने गणित मांडलं, कंस सोडवला आणि पाणी प्यायला आत गेली. खोली रिकामी होती. तरी खडू माझ्या अंगावर टेकला आणि सावकाश फिरला. खाली बोटभर फट राहिली. माझं लाकूड करकरलं.

वजाबाई परतली आणि जागीच थिजली.

"काकू, तुम्ही इकडे आला होतात?"

"अगं, मी तुझ्यासमोरच होते ना स्वयंपाकघरात?"

पण पोरगी पळाली नाही. मान खाली घालून पुटपुटली, "दुसऱ्या पदाचं चिन्ह बदललं नाही, सर."

मग ती रोज यायची. गणित सोडवायची, मुद्दाम आत जायची आणि परतून आधी माझ्याकडे बघायची. रोज गोल असायचा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र माझ्यावर फक्त तिचंच अक्षर होतं. तिने ओळन्‌ओळ तपासली. चूक नव्हती. ती ढसाढसा रडली. "सर, एक तरी चूक काढा ना!" खडू हलला नाही. मुद्दाम चुकवायला म्हणून तिने तो उचलला, पण तिचा हात आता चुकेना.

ती पास झाली. मी कोरा आहे आणि खोली फार शांत असते. मित्रांनो, आपली चूक लपवू नका, घाईने पुसूही नका. ती दाखवणारं माणूस समोर आहे, तोवर तिच्याकडे नीट बघून घ्या.