चांगल्या गुडघ्याचा पट्टा

गौरव बाकावर बसून उजव्या गुडघ्याला पट्टा गुंडाळत होता आणि ताहिर मुकादम मैदानाच्या कडेला उभा राहून त्याच्याकडे नुसता बघत होता. शेवटचा वेढा बसला तशी गौरवने मान वर केली, आपला प्रशिक्षक बघतोय हे पाहिलं आणि उगाचच हसला. ते हसू ताहिरच्या चांगलंच ओळखीचं होतं. एके काळी ते त्याच्याच तोंडावर असायचं.

जुम्म्याची नमाज होऊन तास झाला होता. रिफातल्या एका शाळेच्या मैदानावर मॅट अंथरलेली, खेड-चिपळूण-संगमेश्वरची माणसं पोराबाळांसह येऊन बसलेली. बहरीनमधल्या कोकणी मंडळींच्या कबड्डी स्पर्धेची फायनल अर्ध्या तासावर आली होती. सतरा वर्षं ताहिर या संघाला शिकवत होता आणि सतरा वर्षांत करंडक एकदाही हाती लागला नव्हता. आठवडाभर सीफच्या मॉलमध्ये देखभालीचं स्टोअर सांभाळायचं आणि सुट्टीच्या दिवशी ही हमाली. आता व्हिसा संपत होता, पुढच्या महिन्यात कायमचं गावी. माणूस दमला होता हो. पण दमलेल्या माणसालाही जाताना काहीतरी हातात घेऊन जावंसं वाटतंच.

आणि करंडक यायचा तर डाव्या कोपऱ्यात गौरव हवाच.

कबड्डीत कोपरा सांभाळणं म्हणजे घरातल्या थोरल्या सुनेचं काम. भार सगळा तिच्यावर आणि कौतुक भलत्याचंच. चढाई करणाऱ्याचा फोटो पेपरात, कोपरेवाल्याचं नाव दवाखान्याच्या केसपेपरवर. ताहिरने मुंबईतल्या एका कंपनीच्या संघाकडून, पगार घेऊन, चौदा वर्षं तो कोपरा राखला होता. समोरच्याचा घोटा धरायचा आणि काही झालं तरी सोडायचा नाही, एवढंच त्याला येत होतं.

पट्ट्याची युक्तीही तिथलीच. दुखरा गुडघा उघडा ठेवायचा आणि पट्टा चांगल्याला बांधायचा. चढाईवाला पट्टा बघून त्या बाजूने निसटायला जातो, आणि तो पाय तर ठणठणीत! ताहिरचा डावा गुडघा दुखायचा आणि पट्टा कायम उजव्याला असायचा. ही गोष्ट त्याने घरीसुद्धा सांगितली नाही. सांगणार कशी? बानू बायको खरी, पण तिचा भाऊ मुझम्मिल मुंबईतल्याच प्रतिस्पर्धी संघात चढाईला. आपलेच दात, आपलेच ओठ. संध्याकाळी बानू उजव्या गुडघ्याला तेल चोळायची आणि हा डोळे मिटून 'आता बरं वाटतंय' म्हणायचा. पट्ट्याला सगळे फसायचे, एक मेव्हणा सोडून. तो मात्र दर सामन्यात नेमका डाव्या बाजूने यायचा. पक्का बेरकी आहे, असं ताहिर मनात म्हणायचा. शेवटी एका उपांत्य सामन्यात त्यालाच धरताना डावा गुडघा आतून कटकन वाजला. तेव्हाही ताहिर खाली बसला तो सवयीने उजवाच धरून.

त्या दिवशी सामन्याआधी कंपनीच्या संघाला शिकवणाऱ्या मास्तरांनी विचारलं होतं, खेळशील ना? पट्ट्याचा गुडघा दाबून पाहिला होता आणि याने हो म्हटलं होतं. मास्तरांना बिचाऱ्यांना कळलं नाही, असंच ताहिर इतकी वर्षं धरून चालला होता. आज बाकावरच्या गौरवकडे बघताना त्याला स्वच्छ दिसलं, की हे न कळण्यासारखं नसतंच. पायरी उतरताना कुठला पाय आधी टाकला, बाटली उचलायला वाकताना भार कुठे दिला, सगळं उघड होतं. मास्तरांनीही ओळखलं होतं. ओळखूनच त्यांनी चांगला गुडघा दाबला होता.

तो गौरवच्या शेजारी जाऊन बसला.

"डावा कधीपासून दुखतोय?"

"उजवा आहे भाई. तोही जरासाच."

"ही युक्ती तुला शिकवली कुणी?"

गौरव पट्ट्याचं टोक चाचपत राहिला. "तुम्हीच."

मग त्याने भडाभडा सांगितलं. एसीच्या कामावर शिडीवरून उतरताना गुडघा मुरगळला, तीन आठवडे झाले. आजचा एकच सामना खेळतो, उद्यापासून महिनाभर विश्रांती घेतो. तुमच्यासाठी खेळायचंय, असंही म्हणाला. ते 'तुमच्यासाठी' ताहिरला फार लागलं, आणि फार हवंहवंसंही वाटलं.

त्याचा हात पट्ट्यावर गेला. दोन बोटांनी दाबायचं, ठीक आहे म्हणायचं आणि उठायचं, एवढंच तर काम होतं. समोरून संघाचा सेक्रेटरी पांडुरंग सात नावांचा कागद घेऊन येत होता. ताहिरने पट्ट्याचं टोक शोधलं आणि एकेक वेढा सोडायला घेतला.

पांडुरंगने डोकं फिरलं का म्हणून विचारलं, मग आर्जवं केली, मग 'खलास, गेला कप' म्हणून स्वतःच नाव खोडलं. आणि झालंही तसंच. दोन गुणांनी हरले, तेही डाव्या कोपऱ्यातूनच. गौरव निरोप न घेताच निघून गेला. जाताना लंगडत होता, डाव्या पायाने, आता लपवायचं कशाला.

माहूजच्या फ्लॅटवर ताहिर पोचला तेव्हा मगरिबची अजान होत होती. नमाज झाल्यावर बानूने तेल कोमट करून आणलं. हरल्याचं तिने तोंड बघूनच ओळखलं असणार. सवयीप्रमाणे तिने उजवा पाय मांडीवर घेतला. या पायाने एवढी वर्षं डाव्याचा भार वाहिला होता, त्यामुळे तोही आता कुरकुरायचा आणि खोटं आपोआप निम्मं खरं झालं होतं. ताहिरने तो पाय हळूच काढून घेतला आणि डावा पुढे केला.

"हा कधीपासून?" बानूने विचारलं.

"पहिल्यापासून हाच."

मग त्याने तिला सगळं सांगितलं. पट्टा, युक्ती आणि तिच्यापासून का लपवलं तेही. ती चिडेल असं त्याला वाटलं होतं. ती वाटीत बोटं बुडवून तशीच बसली.

"म्हणजे मुझम्मिलला मी उगाच कसम घातली," ती म्हणाली.

"कसली कसम?"

"लग्न झाल्या झाल्या. म्हटलं, यांचा उजवा गुडघा दुखतो, खेळताना त्या बाजूला अजिबात जायचं नाही. काय वाटेल ते कर, डाव्या बाजूने जा." तिने वर बघितलं. "त्याने पाळली होती ना?"

ताहिरने तिच्या तेलकट हाताकडे बघितलं. इतकी वर्षं रोज संध्याकाळी तोच हात.

"पाळली," तो म्हणाला. "शेवटपर्यंत पाळली त्याने."

बानूला बरं वाटलं. तिने वाटीतलं तेल डाव्या गुडघ्यावर घेतलं आणि चोळायला लागली.