कालव्यापलीकडचं घर

सिदहोमनं पांढरं कापड हातावर घेतलं, तसं त्याच्या बायकोनं, इन्साफनं, कापडाचं दुसरं टोक घट्ट धरलं.

"ठेवा ते खाली. तुम्हाला माझी शपथ आहे."

"सोड, फाटेल."

"फाटू दे! स्वतःचं कफन घेऊन माणूस एकटा जातो का कुठे?"

खुनाची माफी मागणाऱ्यानं मयताच्या घरी असं कफन हातावर घेऊनच जायचं असतं, हा रिवाज तिलाही ठाऊक होता. पण अशा वेळी मागे पंच असतात, पोलीस असतात, बोलणी आधीच झालेली असतात. नाशिदनं पंचांना दोनदा दारातूनच परत पाठवलं होतं.

सहा वर्षांपूर्वी पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि सिदहोमच्या भावानं नाशिदच्या भावाला, शाकिरला, गोळी घातली. गोळी घालणारा पुढे तुरुंगातच मेला. आता बदल्यासाठी सिदहोमच उरला होता. तेव्हापासून त्यानं कालवा ओलांडला नव्हता. चर्चमध्येसुद्धा नाशिदचं घराणं बसायचं त्या बाजूला तो मान वळवत नसे.

परवा त्यानं फादरांपुढे मन मोकळं केलं होतं. ते म्हणाले, "उपास केलेस, मेणबत्त्या लावल्यास. देवावर तुझं प्रेम आहे, मी नाही म्हणत नाही. पण ज्याच्याशी वैर आहे त्याच्याकडे आधी जा, हे त्यानं सांगितलेलं एक काम राहिलंय ना?"

त्यानं हे सांगितलं, तसं इन्साफच्या हातातून टोक सुटलं. ती दारातच खाली बसली.

ऊन डोक्यावर आलं होतं. कालव्यावर भांडी घासणाऱ्या बायकांनी त्याच्या हातातलं कापड बघून पदर सावरले. चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "काय सिदहोम, लग्नाला निघालास की मयताला?"

"अजून ठरायचंय," तो म्हणाला. आपला आवाज त्याला परक्याचा वाटला.

खजुराच्या ओंडक्यांच्या पुलावरून तो पलीकडे गेला. दोन्ही बाजूंना उसाची पानं वाजत होती. प्रत्येक सळसळीला त्याची पाठ ताठ व्हायची. परत फिरावं असं त्याला तीनदा वाटलं. तिसऱ्यांदा तर तो वळलाही, आणि दोन पावलांवर थांबून पुन्हा फिरला.

नाशिद उंबऱ्यावर बसला होता. बंदूक मांडीवर आडवी. सिदहोमला बघताच ती वर आली.

"तिथेच थांब."

सिदहोम थांबला. गुडघे टेकले. कापड धरलेले हात त्यानं पुढे केले.

"कुणी पाठवलं? पंचांनी?"

"नाही."

"पोलिसांनी?"

"कुणी नाही. शाकिर पडला त्या दिवसापासून मी भावाला तीन दिवस कडब्याच्या खोलीत लपवलं होतं. तुम्ही मयत उचलत होता, मी त्याला भाकरी पोचवत होतो. हे कोर्टात नाही सांगितलं. तुला सांगतोय."

नाशिदच्या आईनं, बल्समनं, आतून सगळं ऐकलं होतं. ती काळ्या कपड्यांत बाहेर आली आणि मुलाच्या मागे उभी राहिली. बंदुकीचं तोंड सिदहोमच्या छातीवरून हललं नाही. त्यानं डोळे मिटले. प्रार्थना आठवेना.

"सहा वर्षं मी इथे बसतोय," नाशिद म्हणाला. "गावाला वाटतं, तुला टिपायला."

सिदहोमनं डोळे उघडले.

"तू येशील याचीच धास्ती होती रे मला. पंचांना हाकलता येतं, पोलिसांना हाकलता येतं. तू असा आलास, तर मलाही देवाचं ऐकून माफ करावं लागणार. मग शाकिरला काय सांगू?"

बंदुकीचं तोंड हळूहळू जमिनीकडे गेलं, पण नाशिदची मूठ तशीच आवळलेली राहिली. त्यानं बोटांकडे पाहिलं, जणू ती दुसऱ्याची असावीत.

"आई," तो म्हणाला, "काढून घे ही. मला जमत नाहीये."

बल्सम वाकली आणि त्याचं एकेक बोट उघडू लागली.